‘फक्त दोन मिनिटं, ताई’ : दारावर येणाऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

दारोदार फिरणारे विक्रेते, ‘तपासणी’साठी येणारे आणि वर्गणीवाले यांच्याविषयी आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या रहिवाशांना लागू पडतील अशी आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फाटकावर ‘विक्रेत्यांना सक्त मनाई’ असा फलक आहे. तरी रोज चार-पाच जण वर येतातच. सुरक्षारक्षकाला विचारलं तर म्हणतो, अमुक मॅडमनी बोलावलंय. उलट काही ज्येष्ठ सभासद म्हणतात, भाजीवाला बंद केलात तर आम्ही काय खायचं? कमिटीला अशी बंदी घालता येते का? – सोसायटीच्या सचिव, ठाणे

उत्तर : सोसायटीचे आवार खासगी आहे. तिथे कोणाला, कधी सोडायचे हे सोसायटी ठरवू शकते. एखाद्याकडे महापालिकेचे फेरीवाला प्रमाणपत्र असेल, तर ते व्यवसायाचे प्रमाणपत्र आहे. ते दाखवून तुमच्या जिन्यात शिरण्याचा हक्क मिळत नाही. मात्र हा निर्णय कमिटीने परस्पर घेऊ नये. सर्वसाधारण सभेत ठराव करा. वार्षिक सभा असेल तर पूर्ण १४ दिवसांची आणि विशेष सभा असेल तर पूर्ण ५ दिवसांची नोटीस लागते. विषयपत्रिकेत हा विषय नीट लिहा. ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये घुसवलेला ठराव पहिल्याच भांडणात उघडा पडतो.

सरसकट बंदी टिकत नाही, आणि त्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. भाजीवाल्यासाठी तोंडी अपवाद झाला की रक्षकाला कुठली रेघ पाळायची तेच कळत नाही. म्हणून अपवाद लिहून काढा. रोजचे लोक (दूध, पेपर, इस्त्री, भाजी) यांना सोसायटीचा फोटोपास आणि ठरलेली वेळ, उदाहरणार्थ सकाळी ७ ते ११. बाकी कोणीही असो, संबंधित घरातून इंटरकॉमवर होकार आला तरच प्रवेश, आणि तोही फक्त त्याच घरापुरता.

‘मॅडमनी बोलावलंय’ या वाक्यामागची पद्धत समजून घ्या. एका घराची खरी वेळ घेतलेली असते. ते काम उरकले की विक्रेता लिफ्टने सगळ्यात वरच्या मजल्यावर जातो आणि एकेक मजला उतरत बेल वाजवत येतो. कोणी तक्रार केलीच, तर तोवर तो तळमजल्याजवळ, म्हणजे बाहेरच्या वाटेवर असतो. यावर उपाय नोंदवहीतल्या एका रकान्यात आहे: बाहेर पडल्याची वेळ. नाव, कंपनी, मोबाइल, कोणाकडे, आत, बाहेर इतके रकाने पुरतात. अर्ध्या तासात ‘बाहेर’ची नोंद झाली नाही तर रक्षकाने त्या घरी फोन करायचा. बहुतेक सोसायट्यांच्या वह्यांत हा रकाना असतो, पण भरलेला नसतो.

रक्षकाला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. आधारकार्डाची झेरॉक्स किंवा फोटो ठेवून घ्यायचा नाही. ओळखपत्र बघून नाव लिहिणे पुरेसे आहे. आणि कोणाची झडती घ्यायची नाही की कोणाला डांबून ठेवायचे नाही. ऐकत नसेल तर ११२.

फलक लावला म्हणजे बेल वाजवणारा आपोआप गुन्हेगार ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधल्या अतिक्रमणासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. सभ्यपणे विचारून परत गेलेल्या मुलावर हे कलम लागणार नाही. ‘निघा’ म्हटल्यावरही दारात पाय अडकवून उभा राहिला, दमदाटी केली, तर लागू शकते. साध्या अतिक्रमणाला ३ महिन्यांपर्यंत आणि घरात शिरून केलेल्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. दंड दोन्हींत ५,००० रुपयांपर्यंत.

प्रश्न : घरी येऊन प्रात्यक्षिक दाखवलं म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांचा संच घेतला. ६,८०० रुपये दिले, साध्या कागदावर पावती मिळाली. दुसऱ्याच दिवशी नको वाटला, तर ‘परत घेत नाही’ म्हणतात. तीन दिवसांत खरेदी रद्द करता येते असं ऐकलं होतं. – वाचक, नाशिक

उत्तर : तीन दिवसांचा तो नियम अमेरिकेतला आहे. आपल्याकडे दारावरच्या प्रत्येक खरेदीला लागू होईल अशी सरसकट मुदत कायद्यात नाही. थेट विक्रीच्या नियमांत ‘कूलिंग ऑफ’ (विचार बदलला तर करार रद्द करण्याची मुदत) हा शब्द येतो, पण ती मुदत विक्रेता म्हणून साखळीत सामील होणाऱ्यासाठी आहे. तुम्ही ग्राहक आहात. ‘मन बदललं’ एवढ्यावर पैसे परत मिळायचे तर कंपनीच्या स्वतःच्या परतीच्या अटी बघाव्या लागतील.

वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी. बिलावर परतीची मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीही त्याच यादीत आहे. म्हणजे त्या साध्या कागदावरच तुमची पहिली तक्रार उभी राहते.

विक्रेता नेमका कोणाचा, हेही तपासा. तो एजंटांच्या जाळ्यातून माल विकणाऱ्या थेट विक्री कंपनीचा असेल, तर डिसेंबर २०२१ पासून लागू असलेले थेट विक्रीचे नियम त्याच्यावर बंधनकारक आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय त्याने घरी यायचेच नाही. आल्या आल्या स्वतःचे नाव, कंपनी, तिचा पत्ता आणि येण्याचे कारण सांगायचे. किंमत, पैसे भरण्याच्या अटी, परतीच्या आणि बदलून देण्याच्या अटी सगळे आधी सांगून ऑर्डर फॉर्म द्यायचा. कंपनीकडे तक्रार निवारण अधिकारी असलाच पाहिजे. तक्रारीची पोच कामकाजाच्या ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे.

आता करायचे काय? संच वापरू नका, खोका फेकू नका. कंपनीला ईमेल आणि रजिस्टर्ड पत्र पाठवा. त्यात खरेदीची तारीख, रक्कम, विक्रेत्याने सांगितलेली आणि खोटी ठरलेली नेमकी वाक्ये, आणि तुम्हाला काय हवे ते लिहा. पंधरा दिवस वाट पाहा. उत्तर नाही आले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बरीच प्रकरणे इथेच मिटतात, कारण कंपनीला लेखी उत्तर द्यावे लागते. नाहीच मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती संकेतस्थळावरून दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील लागतोच असे नाही.

यापुढे एक सवय लावून घ्या. पैसे विक्रेत्याच्या वैयक्तिक क्रमांकावर पाठवायचे नाहीत. कंपनीच्या नावाचे खाते नसेल तर खरेदीही नाही.

प्रश्न : पाणी शुद्धीकरण यंत्र विकणाऱ्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवल्या आणि मिनिटभरात पाणी गढूळ तपकिरी झालं. त्याच्या यंत्राचं पाणी मात्र स्वच्छच राहिलं. आम्ही इतकं घाण पाणी पितो का? – वाचक, पिंपरी

उत्तर : नाही. ती घाण सळ्यांची आहे.

त्या उपकरणात प्रत्येक पेल्यासाठी दोन धातूच्या सळ्या असतात; सहसा एक लोखंडाची, एक ॲल्युमिनियमची. वीज सुरू केली की क्षार असलेल्या पाण्यातून प्रवाह वाहतो आणि लोखंडाची सळी झिजायला लागते. विरघळलेले लोखंड पाण्याशी संयोग पावून आधी पिवळट, मग गंजाच्या रंगाचा, कधी हिरवट-काळा साका तयार करते आणि वर फेस येतो. त्याच्या आरओ यंत्राच्या, म्हणजे क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राच्या, पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून प्रवाह वाहत नाही, सळी झिजत नाही आणि पाणी तसेच राहते. या प्रयोगातून एवढेच कळते की एका पेल्यात क्षार जास्त आहेत. जंतू, शिसे, कीटकनाशके यांच्याविषयी काहीही कळत नाही.

पुढच्या वेळी त्याला सांगा, ‘तुमच्या स्वच्छ पेल्यात पाव चमचा मीठ टाकून पुन्हा लावा.’ ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही काळे होईल. हे तुम्ही स्वतः करू नका. ते उपकरण घरच्या विजेवर चालते आणि ओल्या हाताने सळीला स्पर्श झाला तर जिवावर बेतेल. प्रयोगानंतरचे पाणी ओतून द्या.

क्षारांचा मीटर मात्र उपयोगाचा आहे. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जातात. मीटरवर १२०, १५० असे आकडे दिसत असतील तर क्षारांसाठी आरओ घेण्याची गरज नाही. अशा पाण्यावर आरओ बसवले की पाण्याचा मोठा वाटा नुसता मोरीत जातो. टँकर किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल आणि आकडा ८००-९०० च्या पुढे असेल, तर आरओचा विचार जरूर करा.

जंतूंची शंका असेल तर जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा महापालिकेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक मिळते. घरची धुतलेली बाटली चालत नाही. नळाचे तोंड पुसून दोन-तीन मिनिटे पाणी सोडा, मग बाटली भरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. नमुना टाकीतून घ्यायचा की थेट नळातून, हे आधी ठरवा. सोसायट्यांत दोष बहुतेक वेळा टाकीत सापडतो, आणि तिथे घरोघर यंत्र बसवण्यापेक्षा टाकी धुणे स्वस्त पडते.

प्रश्न : दागिन्यांना पॉलिश करून देणारे दोघे आले होते. शेजारच्या काकूंच्या बांगड्या चकचकीत झाल्या, पण सोनाराकडे वजन केलं तर घट निघाली. हे कसं करतात आणि आता काय करावं? – वाचक, सांगली

उत्तर : क्रम ठरलेला असतो. आधी पितळी समई किंवा तांब्या फुकट घासून देतात, पावडर खरोखर चांगली असते. मग चांदीचे पैंजण. विश्वास बसला की, ‘बांगड्यांचा पण मळ काढून देतो, काकू.’ सोन्यासाठी मात्र वाटीत निघतो तो द्राव वेगळा असतो. सोने विरघळवणारे आम्लराज, म्हणजे तीव्र हायड्रोक्लोरिक आणि तीव्र नायट्रिक आम्लाचे तीनास एक मिश्रण. दागिना त्यात बुडवून ब्रशने घासला की वरचा थर द्रावात उतरतो. दागिना उजळ दिसतो, कारण जुना पृष्ठभागच निघून गेलेला असतो. वाटीतला पिवळा द्राव ते ‘मळ’ म्हणून सोबत घेऊन जातात. सोने त्याच्यातच असते.

दुसरा प्रकार अदलाबदलीचा. दागिने डब्यात किंवा कुकरमध्ये हळदीच्या पाण्यात घालतात आणि सांगतात, ‘वीस मिनिटं उघडू नका, नाहीतर चकाकी जाईल.’ हळदीमुळे आत काय आहे ते दिसत नाही आणि वीस मिनिटांत ते दोघे गावाबाहेर गेलेले असतात.

आता करायचे ते असे. बांगड्या धुऊ-पुसू नका, कापडात गुंडाळून ठेवा. सोनाराकडून आजच्या वजनाची लेखी चिठ्ठी घ्या. खरेदीची जुनी पावती शोधा. तिच्यावर वजन मिलिग्रॅमपर्यंत असते आणि घट सिद्ध करायला तीच लागते. हॉलमार्क असेल तर सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक लिहून ठेवा. त्यांनी वापरलेली वाटी, ब्रश किंवा द्राव मागे राहिला असेल तर टाकू नका. द्राव काचेच्या बाटलीत ठेवा, धातूच्या भांड्यात नाही, आणि उघड्या हाताने हाताळू नका. सीसीटीव्हीचे चित्रण त्याच दिवशी वेगळे काढून घ्या, कारण जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवे चित्रण चढते. फसवणुकीला न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली ७ वर्षांपर्यंत कैद आहे. पोलीस ठाणे ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यायला सांगा. ऑनलाइन कळवले असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

घरी दागिने स्वच्छ करायला कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मुलांचा मऊ टूथब्रश पुरतो. मोत्यांचे दागिने यातही भिजत घालू नका.

प्रश्न : ‘गॅस एजन्सीकडून तपासणी’ म्हणून आलेल्या माणसाने नळी कापून दाखवली, नवी लावली आणि वर एक ‘सेफ्टी डिव्हाइस’ बसवून पैसे घेतले. हा माणूस खरा होता की तोतया? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : वरचे उपकरण बसवले तिथेच संशय पक्का होतो. तेल कंपन्या रेग्युलेटर आणि नळी यांच्यामध्ये असले कुठलेही जोडउपकरण बसवायला सांगत नाहीत. ते काढून टाका. जोड जितके जास्त, तितक्या गळतीच्या जागा जास्त.

अधिकृत तपासणी असते, आणि ती करणारा मेकॅनिक तुमच्या वितरकाचा असतो. तपासायची पद्धत सोपी आहे. दार न उघडता त्याला थांबायला सांगा आणि गॅसच्या पुस्तकावर छापलेल्या क्रमांकावर वितरकाला फोन करा. त्याने दिलेल्या क्रमांकावर नाही. खरा माणूस थांबतो. तोतया ‘पुढच्या इमारतीत जाऊन येतो’ म्हणतो.

नळी नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ प्रकारची आणि आयएसआय चिन्हाची हवी. तिच्यावर तारीख छापलेली असते, आयुष्य पाच वर्षांचे धरतात. साधी हिरवी रबरी नळी असेल तर मात्र खरोखरच बदला, पण वितरकाकडून. गळतीची शंका आली तर साबणाचे पाणी जोडावर लावा; बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून कधीही बघू नका. वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नका आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

जाता जाता एक: सिलिंडर आणणाऱ्याकडे वजनकाटा असायला हवा आणि मागितल्यावर त्याने वजन करून दाखवायला हवे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते; ते १५.९ असेल तर काट्यावर ३०.१ दिसले पाहिजे. डिलिव्हरीचा कोड सिलिंडर हातात आल्यावरच सांगा.

प्रश्न : रद्दीवाल्याचा काटा नेहमी कमीच दाखवतो असं वाटतं. खात्री कशी करायची? – वाचक, डोंबिवली

उत्तर : एक लिटरच्या पाच बाटल्या काठोकाठ पाण्याने भरून पिशवीत घाला. पाणीच पाच किलो झाले, वर बाटल्यांचे थोडे वजन. रद्दी चढवण्याआधी ही पिशवी त्याच्या काट्याला अडकवा. ४.२ दाखवले तर पुढचे बोलणे आपोआप सोपे होते. एक किलोची मिठाची पिशवी एवढी उपयोगी नाही, कारण ताणकाट्यातली चलाखी हलक्या वजनाला कळत नाही, जड वजनालाच कळते.

इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर आकड्यांकडे आधी बघा, गठ्ठ्याकडे नंतर. काही अडकवलेले नसताना शून्य दिसले पाहिजे; उणे आकडा दिसत असेल तर तेवढे वजन प्रत्येक वेळी कापले जाणार. मोजताना गठ्ठ्याला गुडघा किंवा हात लागू देऊ नका. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाच्या पडताळणीचा शिक्का असतो, इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दरवर्षी लागतो. तक्रार याच विभागाच्या जिल्हा कार्यालयात करायची.

रद्दी देताना बँकेची पत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पार्सलवरचे पत्ते-फोनचे कागद वेगळे काढून फाडा. तराजूत गेलेल्या दोनशे ग्रॅमपेक्षा हे नुकसान मोठे असते.

प्रश्न : गणपतीची वर्गणी ‘एवढीच द्या’ म्हणून आकडा लिहूनच आणतात. नकार दिला तर गाडी रस्त्यावर लावता ना, असं ऐकवतात. – नाव न छापण्याची विनंती

उत्तर : वर्गणी ऐच्छिक असते. सक्तीची झाली की ती खंडणीकडे झुकते. सार्वजनिक उत्सवासाठी पैसे गोळा करणाऱ्या मंडळाने, नोंदणीकृत न्यास नसेल तर, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. पावतीपुस्तकावर मंडळाचे नाव, परवानगीचा किंवा नोंदणीचा क्रमांक, अनुक्रमांक आणि खजिनदाराची सही बघा. पावती हातात पडेपर्यंत पैसे हातातच ठेवा. शेजारणीने किती दिले त्याचे पान उलटून दाखवतात, तिकडे बघूच नका.

धमकी दिली असेल तर शब्द, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून पोलीस ठाण्यात अर्ज द्या. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर द्या; अशा अर्जात कोणा एका घराचे नाव पुढे येत नाही.

अनाथाश्रम, आजारी मुले यांच्यासाठी फोटोंचे अल्बम घेऊन येणाऱ्यांनाही हीच कसोटी लावा. ‘करसवलत मिळेल’ म्हणत रोख मागत असतील तर लक्षात ठेवा, दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. खरी संस्था खात्यावर पैसे घ्यायला कधी कुरकुर करत नाही.

प्रश्न : नकार देता येत नाही असे दारावरचे लोक कोण? – वाचक, लातूर

उत्तर : यादी छोटी आहे. जनगणनेचे प्रगणक: १९४८ च्या कायद्यानुसार त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे बंधनकारक आहे, टाळल्यास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तुमची माहिती गोपनीय राहते. (पतीचे नाव सांगण्याची सक्ती बाईवर करता येणार नाही, अशी सवलत त्या कायद्यात आजही आहे.) प्रगणक ओटीपी किंवा बँक खात्याचा क्रमांक विचारत नाही. विचारला तर तो प्रगणक नव्हे. मतदार यादीच्या कामासाठी येणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, हेही ओळखपत्र घेऊन येतात. त्यांना बसायला आत घेतलेच पाहिजे असे नाही, काम दारातही होते.

वीज कंपनीचा कर्मचारी मीटर तपासायला वाजवी वेळी, तुम्हाला कळवून येऊ शकतो. अडवत राहिलात तर लेखी नोटिशीनंतर २४ तासांनी वीज तोडण्याचा अधिकार वीज कायद्याने कंपनीला दिला आहे. पण वीजचोरीच्या संशयावरून घराची तपासणी करायची तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत ती घरातल्या प्रौढ पुरुष सदस्याच्या उपस्थितीशिवाय करता येत नाही. रात्री आठ वाजता ‘मीटरमध्ये फेरफार आहे, आत्ता दहा हजार द्या’ म्हणणाऱ्याला हे ऐकवा आणि ११२ लावा. लोकसेवक नसताना तसे भासवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. न्याय संहितेचे कलम २०४, कैद किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे.

बाकी सगळे, अगदी ‘महापालिकेचा सर्व्हे’ म्हणणारेसुद्धा, आधी ओळखपत्र आणि खात्याचे पत्र दाखवतील.

प्रश्न : आई ७८ वर्षांची, दुपारी एकटी असते. ‘बँकेतून आलोय, एफडीपेक्षा जास्त व्याज’ म्हणून दोघांनी तिच्या सह्या घेतल्या. आता पोस्टाने विमा पॉलिसी आली आहे, वार्षिक हप्ता एक लाख. – वाचक, पुणे

उत्तर : आधी तारीख बघा. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण असो-नसो परत करता येते; यालाच ‘फ्री लुक’ मुदत म्हणतात. लिफाफा फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो. ईमेलवर आधी आली असेल तर दिवस तेव्हापासून मोजले जाऊ शकतात, म्हणून आईच्या नावे फॉर्मवर कोणाचा ईमेल घातलाय तेही बघा. बऱ्याचदा तो एजंटाचाच असतो.

आईच्या सहीचा साधा अर्ज पुरतो: पॉलिसी क्रमांक, ‘फ्री लुक मुदतीत पॉलिसी रद्द करावी’ हे वाक्य, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः देऊन पोच घ्या आणि त्याच दिवशी ईमेलही करा. तितक्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क एवढे कापून बाकी रक्कम परत येते. एजंट घरी येऊन ‘मी जमा करतो’ म्हणाला तर कागद देऊ नका. ३० दिवस त्याच्या बॅगेत संपतात. आठवड्यात ‘पडताळणी’चा फोन येईल. सगळ्याला हो म्हणायला आईला शिकवलेले असू शकते. तिने एवढेच म्हणायचे: मला पॉलिसी नको आहे, अर्ज दिला आहे.

मुदत उलटून गेली असली तरी खोटे सांगून विकल्याची तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पुण्यात कार्यालय आहे, शुल्क नाही. विमा नियामकाची हेल्पलाइन १५५२५५.

दुपारच्या एकटेपणासाठी दाराला आतून साखळी आणि जाळीचा दरवाजा, दोन्ही हवेत. आईला लांबलचक नकार द्यायला लावू नका. ‘मुलगा सात वाजता येतो, तेव्हा या’ हे वाक्यही नको, कारण ती एकटी असल्याचे त्यातून कळते. ‘आम्ही दारावर काही घेत नाही’ एवढेच, आणि दार बंद. दारातल्या मुलांना बहुधा विक्रीवरच कमिशन मिळते. झटपट नकार त्यांनाही बरा पडतो. ‘चश्मा आणा’, ‘ओटीपी सांगा’, ‘सही करा’ यांतले काहीही कोणी म्हटले की आईने तुम्हाला फोन लावायचा. तुमचा क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुम्ही फोन उचलू शकत नसाल तर खाली १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा एल्डरलाइन क्रमांकही लिहा.